लॅमिनेट केलेले कार्ड

सुनेच्या गरोदरपणाचे कार्ड मी लॅमिनेट केले, ही गोष्ट आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावीच लागते. बायको इतकी रंगवून सांगते की मलाही पुन्हा ऐकावीशी वाटते.

मी बुकबाइंडर. चाळीस वर्षे लोकांची फाटकी पुस्तके शिवतो आहे. कागद हातात आला की मला आधी त्याचे कोपरे दिसतात, मजकूर मागाहून. सून पहिल्या तपासणीहून आली, तिने कार्ड टेबलावर ठेवले. त्याचा दुमडलेला कोपरा पाहून माझा जीव कळवळला. म्हटले, नऊ महिने टिकायचे आहे हे. लगेच दुकानात नेले, मशिनमधून काढले, कडा गोल कापल्या. कार्ड काचेसारखे लखलखीत झाले.

पुढच्या महिन्यात सुनेबरोबर आरोग्य केंद्रात मीच गेलो. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. बायकोचे गुडघे धरलेले. सिस्टरने सुनेचे वजन घेतले, रक्तदाब मोजला आणि कार्डावर पेन टेकवले. पेन घसरले. पुन्हा टेकवले, पुन्हा घसरले.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

"खराब होऊ नये म्हणून जरा..."

"अहो, नऊ महिन्यांच्या नोंदी करायच्यात यावर. आता मी त्या कुठं लिहू, तळहातावर?"

बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या. सूनही हसली, आणि मला माझ्या फजितीचे काही वाटेनासे झाले. कारण दिवस राहिल्यापासून ती हसलीच नव्हती.

त्याचे कारण चार वर्षांपूर्वीचे. थोरल्या नातीच्या वेळी तिला मोठ्या रुग्णालयात ठेवले होते. उपचारात काही कमी पडले नाही, नात ठणठणीत झाली. पण गर्दी फार, आतमध्ये आम्हाला मज्जाव, आणि दर थोड्या वेळाने नवा चेहरा. वीस तास ती एकटी पडून होती. घरी आल्यावर एवढेच म्हणाली, "तिथल्या पंख्याला तीन पाती होती. एक वाकडं होतं."

म्हणून सिस्टरने त्या दिवशी बाळंतपणाच्या वाटा सांगायला सुरुवात केली तेव्हा मी कान टवकारले. सगळे सुरळीत असेल तर घरी, केंद्रातल्या दोन सिस्टर येतात. नाहीतर केंद्राच्या माडीवरची प्रसूतीची खोली. आणि काही गुंतागुंत वाटली तर मोठे रुग्णालय. सुनेने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "ताई, तेव्हा तुम्ही असाल?"

"माझ्याकडं नाव आहे ना तुझं? मग मीच. इथली पद्धतच आहे तशी."

सुनेने माडीवरची खोली निवडली. सिस्टर आम्हाला वर घेऊन गेली. दोन खाटा, पूर्वेची खिडकी, कळा येताना धरून चालायला भिंतीला लाकडी कठडा. सून त्या कठड्यावरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मी जिन्यातच थांबलो होतो. तिथूनही मला तिच्या खांद्यांवरचा भार उतरलेला दिसला.

नवी कार्डे यायला अवकाश होता. तोवर एखादी वही आणा, असे सिस्टर म्हणाली होती. बुकबाइंडरला वही मागणे म्हणजे मोराला नाचायला सांगण्यासारखे झाले. उभी, अरुंद वही बांधली, पाठीला निळे कापड, पक्की शिलाई. आत रकाने आखले: तारीख, वजन, वरचा दाब, खालचा दाब, बाळाचे ठोके. एका भेटीला एक ओळ.

"काका, ही वही आहे की राजाची सनद?" सिस्टर म्हणाली. पण पुढे नवे कार्ड आले तरी ती दोन्हीकडे लिहीत राहिली. म्हणे, एवढं केलंय तुम्ही, पानं कोरी कशी ठेवू?

कार्डावर प्रत्येक महिन्याचा चौकोन वेगळ्या घडीवर होता. वहीत आकडे एकाखाली एक आले. नववा महिना लागला त्या भेटीत सिस्टरने दाब लिहिला आणि तिचे बोट रकान्यातून वर गेले, मग हळूहळू खाली आले. एकशे दहा, एकशे सोळा, एकशे चोवीस, एकशे बत्तीस. एकेकटा पाहिला तर कोणताच आकडा घाबरवणारा नव्हता. सिस्टरने सुनेच्या पायांकडे पाहिले. चपला पायात जाईनात म्हणून ती माझ्या सपाता घालून आली होती. लघवी तपासली, त्यातही दोष निघाला.

"आजच मोठ्या रुग्णालयात जायचं," सिस्टर म्हणाली.

"मी तिकडं जाणार नाही." सून भिंतीकडे पाहून बोलली.

मी तोंड उघडणार, तोच सिस्टरने डोळ्यांनीच मला गप्प बसवले. स्टूल ओढून ती सुनेसमोर बसली.

"हा दाब अंगावर काढला तर तुलाही धोका आणि बाळालाही. वरच्या खोलीत त्याचा इलाज नाही, तिथं आहे. जागा बदलतेय, माणूस नाही. मी येते."

"तुम्हाला आत सोडतील?"

"नियम आहे तसा. आपल्या बाईला पाठवलं तर तिच्या सिस्टरला सोबत राहता येतं. इथलं काम कोण बघणार म्हणून फारसं कुणी जात नाही. मी लावते कुणाला तरी कामाला."

सून उठली. माझ्या सपाता पायात सरकवल्या आणि म्हणाली, "बाबा, वही घ्या."

दोन दिवस गोळ्या, इंजेक्शने झाली. तिसऱ्या दिवशी कळा सुरू करायचे ठरले. सकाळी सातला सिस्टर डबा घेऊन हजर, आणि सुनेचा हात धरून आत गेली. आम्ही दोघे बाहेर बाकावर. खरे तर बायकोच बाकावर होती.

"अहो, बसा की. फरशी झिजवाल त्यांची."

बसलो. देवाला म्हटले, तुला ठाऊक नाही असे मी काय सांगणार? तिचा हात मोकळा सोडू नकोस, एवढे बघ.

तिसऱ्या प्रहरी सिस्टर बाहेर आली. केस सुटलेले, डबा तसाच भरलेला. "मुलगी. दोघी सुखरूप." बायकोने तिला धरून बसवू पाहिले तर म्हणाली, "नको मावशी, आता बसले की उठायची नाही मी."

संध्याकाळी आम्हाला आत सोडले. सिस्टरने वहीत शेवटची ओळ लिहिली, तारीख, वेळ, बाळाचे वजन, आणि वही माझ्या हातात दिली. "घ्या काका. आता खुशाल लॅमिनेट करा."

"नको हं बाबा," सून खाटेवरून म्हणाली, "लसी लिहायच्यात त्यात." आणि त्या इमारतीत ती मोठ्याने हसली.

सिस्टरचे आभार कसे मानावेत ते मला कळेना. देवापुढे हात आपोआप जुळतात, माणसापुढे अवघडतात. शेवटी जोडले. तिने ते खाली केले, म्हणाली, "उद्या केंद्रातल्या तीन रजिस्टरांची शिलाई करून द्या, मिटलं." तीन कसली, मी सगळीच बांधून दिली.

ती गेल्यावर मी सुनेला हळूच विचारले, "इथलाही पंखा तसाच आहे का गं?"

तिने मान वर करून छताकडे पाहिले.

"पंखा आहे होय इथं?" ती म्हणाली. "माझं लक्षच गेलं नाही, बाबा."