फक्त बुधवारी

"पंपाची नळी ओठांत घट्ट धर. आता ओढ श्वास... हळू. शाब्बास!" ओडेसा जनियाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पोरीचे निळसर पडलेले ओठ हळूहळू उजळले.

"नर्सबाई, मी मरणार होते?"

"मी असताना? हिंमत आहे का तुझी!"

पोरगी खुदकन हसली आणि वर्गाकडे गेली. दारात उभ्या मुख्याध्यापिका कोर्टनीबाई मात्र हसल्या नाहीत. वयाने त्या ओडेसाच्या मुलीएवढ्या.

"ओडेसा, पुढच्या वर्षापासून तुम्ही इथे फक्त बुधवारी. बाकीचे दिवस दुसऱ्या शाळांत."

आपण चुकीचे ऐकले, असेच ओडेसाला वाटले. "आणि जनियाला सोमवारी दम्याचा झटका आला तर?"

"ऑफिसातली डॉना बघेल."

"डॉना? तिला रक्त बघून भोवळ येते, बाई!"

"मी तरी काय करू? आपली शाळा चालते शहराच्या घरपट्टीच्या पैशावर. नदीकाठच्या त्या नव्या टॉवरला शहराने पंधरा वर्षं करमाफी दिलीय. त्यात आपला वाटाही गेला."

त्या टॉवरचे लोखंड ओडेसाचाच नवरा जोडत होता.

संध्याकाळी क्लिफर्ड तळलेल्या माशांचा पुडा नाचवत घरात शिरला. वर्षभर बेकार बसल्यावर हे काम मिळाले होते. तेव्हापासून तो पुन्हा शीळ घालू लागला होता.

"आज सगळ्यात वरची, शेवटची तुळई चढवली! त्याआधी रीतीप्रमाणे सगळ्यांनी तिच्यावर नावं लिहिली. मी कुणाचं लिहिलं, सांग?"

ओडेसा ताटं मांडू लागली.

"अगं, तुझं! 'नर्स ओडेसा', ह्या एवढ्या मोठ्या अक्षरांत. अख्ख्या शहराच्या डोक्यावर बसलीस आज!... काय झालं? भूत बघितल्यासारखी काय करतेस?"

तिने सांगितले. थांबत थांबत, पण सगळे.

क्लिफर्डच्या हातातला पुडा तसाच राहिला. "करमाफीचं आम्हाला कुणी सांगितलं नाही गं," तो पुटपुटला. मग पुडा टेबलावर ठेवत म्हणाला, "सोडू काम?"

"आणि खायचं काय?"

"ते नाव तरी पुसून..."

"राहू दे."

"उद्या तसाही आगरोधक लेप चढेल त्याच्यावर. दिसणार नाही कुणाला."

त्याचा अंगठा पत्र्याने चांगलाच कापला होता. त्याला पत्ताही नव्हता. ओडेसाने त्याचा हात ओढून मांडीवर घेतला आणि जखम धुऊ लागली.