कुलपाची पूजा

२००१ साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, सयाजीने कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि हौसेने कुलपावरही तांब्यातलं पाणी शिंपडलं. कुलूप म्हणजे मशीनच्या पाठीमागे खोचायची अंगठ्याएवढी डबी. तिच्याशिवाय त्याचं विकतचं मराठी सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. संध्याकाळी ते उघडलं नाही. पुण्याला फोन लावला, तर कंपनीच सहा महिन्यांपूर्वी बंद! आता नवं कुलूप कोण देणार, कपाळ?

आत राजलक्ष्मीअक्काचे शब्द अडकले होते. चार वर्षं दर रविवारी कॉफी पीत थोरली बहीण घरचा एकेक शब्द सांगायची आणि सयाजी टाइप करायचा. बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या कानडीत मुरलेली घरची मराठी. "माझ्यामागं हे कोण बोलणार रे सया?" म्हणायची. छापील प्रत? पुस्तक पुरं झालं की एकदमच काढू, म्हणाला होता शहाणा. आणि जुलैत अर्धांगवायूने अक्काची वाचा गेली.

वरच्या खोलीतल्या नागपूरच्या श्रीरंगने गेल्याच वर्षी लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीची सीडी आणून दिली होती. "काका, याला कुलूपबिलूप नाही. आतलं सगळं कुणीही बघावं, बिघडलं तर दुरुस्त करावं. मराठी अक्षरं अजून धड दिसत नाहीत, पण रोमनमध्ये साधा मजकूर ठेवा, कुठंही उघडेल."

"अक्काचं बोलणं इंग्रजी अक्षरांत? शोभतं का रे? आणि फुकट वाटतात त्यात काय राम असणार!"

आता तोच सयाजी जिना चढून गेला. पोराने एका शब्दानेही टोमणा मारला नाही. खूप खटपट केली, पण पडद्यावर नुसता अक्षरांचा चिखल. "मजकूरसुद्धा कुलूप घालूनच ठेवलाय काका. कसा घातला, ते कंपनीने कुणालाच सांगितलेलं नाही."

सयाजीला स्वतःचीच चीड आली. रविवारी त्याने लिनक्स घालून घेतलं, अक्काची खुर्ची शेजारी ओढली आणि आठवतील ते शब्द रोमनमध्ये टाइप करत मोठ्याने वाचू लागला. अकरा शब्द झाले. बाराव्याला अक्काने डावा हात हलवला.

"चुकलं?"

तिने मान डोलावली.

"मग काय होतं, अक्का?"

तिने तोंड उघडलं. ओठ कितीतरी वेळ हलत राहिले. शेवटी तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि सयाजीने तो बारावा शब्द पुसून टाकला.