ऑप्टिक्सला कोणी नाही

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षासाठी स्पेशलायझेशन निवडायचं होतं. पोरीने ऑप्टिक्स घेणार नाही म्हटल्यावर आईने कपाळावर हातच मारला. "अगं, लहानपणापासून काचा डोळ्याला लावून हिंडलीस. वर्गात तुला भिंग म्हणतात ते उगीच का?"

"म्हणू देत. मला त्या माणसाचं तोंडही पाहायचं नाही!"

तो माणूस म्हणजे ऑप्टिक्सचे सर. भिंगने उन्हाळ्याची सगळी सुट्टी अंधाऱ्या प्रयोगशाळेत घालवून, लेझरपुढे डोळे फोडून एक प्रयोग उभा केला. आणि परिषदेत तो मांडला कोणी? सरांच्या भाच्याने! भिंगने मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या. वर सर म्हणतात, "आभारात तुझं नाव आहे हो." आभारात! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता विभागाचा नियम असा, की आठ मुलं जमली नाहीत तर ती शाखा बंद. आणि अख्खा वर्ग चालायचा भिंगच्या मागे, कारण पहिला नंबर तिचा. कँटीनमध्ये सगळ्यांनी तिला घेरलं. "खरं सांग, नोकऱ्या कशात आहेत?"

इंटरनेटच्या ऑप्टिकल फायबरच्या कंपन्या ऑप्टिक्सवाल्यांना शोधत फिरताहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "इलेक्ट्रॉनिक्स," ती म्हणाली. "ऑप्टिक्स घेऊन काय, चष्म्याचं दुकान टाकणार?" सगळे खो खो हसले. तिच्या जिवलग मैत्रिणीच्या घरी कमावणारं कोणी नव्हतं. तिने तर तिथल्या तिथे ठरवून टाकलं. भिंगला जरा कसंसं झालं, पण तिने चहाचा कप तोंडाला लावला.

ऑप्टिक्सला तिघंच उरली. प्रयोगशाळेला कुलूप लागताना भिंग मुद्दाम जिन्यात उभी राहिली. बसा आता आभार मानत!

इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या तासाला दार उघडून आले ते सरच. शाखा बुडाली म्हणून विभाग त्यांना फुकट थोडाच पोसणार होता! "हा विषय सुटून जमाना झाला," ते खाली मान घालून म्हणाले, "सांभाळून घ्या." आणि फळ्यावर पहिलंच सर्किट चुकीचं काढलं.

चुकू दे मेल्याला! भिंग मनातल्या मनात खदाखदा हसली. वर्ग मुकाट्याने तेच उतरवून घेत होता. शेजारी मैत्रीण पट्टी धरून नीट रेघा मारत होती.

"मला यातलं ओ की ठो कळत नाहीये गं," ती कुजबुजली. "पण तू सांगितलंस म्हणून घेतलं. बरोबरच असणार, नाही?"

भिंगला तिच्याकडे बघवेना.