मिल-ओढ्याची बास

न्याहारीच्या टेबलावरच विल्डाने नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "लॉयड, आज रिकाम्या हातानं आलास तर बोट विकायची आणि मागच्या व्हरांड्याला जाळी बसवायची." लॉयड टेटमने पावासारख्या मऊ बिस्किटावर ग्रेव्ही ओतत कबूल केलं. या मोसमात त्याच्या गळाला एकही बास मासळी लागली नव्हती, पण तोरा तसूभर कमी झाला नव्हता.

आज तलावावर क्लबची मासेमारीची स्पर्धा होती आणि तिची रीत ठरलेली. मासे होडीतल्या टाकीत जिवंत आणायचे, धक्क्यावर वजन करायचं, टाळ्या घ्यायच्या आणि तिथेच पाण्यात सोडून द्यायचे. गेल्या वर्षी क्लबचा सेक्रेटरी हॉयट म्हणाला होता, एखादी बोट ठेवू आणि मासे जिथले तिथे पोचवू. लॉयडनेच सभेत उभं राहून त्याची टर उडवली. माशाला शेपूट कशाला दिलीय, घरी जायला त्याला टॅक्सी लागते का? सगळे पोट धरधरून हसले आणि ठराव बारगळला.

आज लॉयड तडक तलावाच्या वरच्या टोकाला, मिल-ओढ्यात गेला. गेल्या वसंतात चषक मिळवून देणारी बास त्याला तिथेच लागली होती. ठेवणीतली आमिषंसुद्धा वापरून झाली, पण ओढ्यानं दाद दिली नाही. ओंडक्यावरचं एक कासव तेवढं त्याच्याकडे बघत राहिलं. लॉयडला त्या कासवाचाही राग आला.

तो धक्क्यावर परतला तेव्हा गर्दी वजनकाट्यापाशी नव्हती, विल्डाभोवती होती. ती तिथे उकडलेल्या शेंगा विकत होती. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तिने वेळूच्या काठीला दोरा बांधला आणि गळाला हॉट डॉगचा तुकडा लावून पाण्यात सोडला. आता तिच्या हातात भलीमोठी बास होती.

लॉयडने त्या बासच्या ओठाची डावीकडची चीर पाहिली आणि तिला ओळखलं. घरी फ्रिजवर लावलेल्या चषकाच्या फोटोत त्याच्या कुशीत होती तीच ही. बोलावं तर भरसभेतलं भाषण गिळावं लागणार, गप्प बसावं तर रिकाम्या हातानं आला म्हणून बोट जाणार.

"ही मिल-ओढ्याची आहे," तो शेवटी म्हणाला. "मीच इथं आणून सोडली. तेव्हापासून इथंच आहे."

"शेपूट होती ना तिला?" हॉयटने शांतपणे विचारलं.

लॉयडने तेही ऐकून घेतलं. "ठराव परत मांड. बोट माझी घ्या. मासे मी पोचवतो."

विल्डाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. नवऱ्याची चाल तिच्या लगेच लक्षात आली होती. "आणि माझा व्हरांडा?"

"क्लबच्या कामाची बोट विकता येते का? व्हरांडा मी माझ्या हातानं करतो."

"या महिन्यात," विल्डा म्हणाली आणि आपली बास टाकीत सोडून बोटीत चढून बसली.

वजन झालेले बाकीच्यांचे मासेही टाकीत आले. बोट निघाली तशी धक्क्यावरून कुणीतरी टॅक्सी, टॅक्सी म्हणून हाक मारली. लॉयडने मागे वळून पाहिलं नाही. या मोसमात पहिल्यांदाच त्याची टाकी काठोकाठ भरली होती. त्यातला एकही मासा त्याचा नव्हता, तरी त्यांना हिसके बसू नयेत म्हणून तो जन्मात चालवली नव्हती इतकी हळू बोट चालवत होता.