पाळीवरची टोपली

खर्रर्र करत नळाला पाणी आलं आणि ऊर्जानगरच्या त्या क्वार्टरमधली दुपारची सामसूम मोडली. दिव्यानीने धावत जाऊन तोटी बंद केली. छोटी रिंकू कूस बदलून पुन्हा झोपली. रात्रपाळी करून आलेला नवरा, धनराज, मात्र उठून बसला.

"झाला काय तुहा खेळ?"

"कायचा झाला! मासोळी जाळ्यात येते, अन् टोपली पाहावं त शून्य."

चार वाजता कॉम्प्युटर क्लासच्या सरांना, पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला खेळ चालवून दाखवायचा होता. चालला, तर उन्हाळ्यातली पोरांची बॅच तिला शिकवायला मिळणार होती. लग्नानंतरचं तिचं पहिलंवहिलं काम. नाही चालला, तर बॅच दुसऱ्या कुणाकडे.

धनराज कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी वाकला. "आरमोरी सोडली, पन तलाव काई सुटला नाई तुहा!"

"चूप बसा. हे पहा, या फंक्शनमधी, म्हंजे कोडच्या या तुकड्यात, मासोळी पकडली का टोपलीत एक वाढते. त्या फंक्शनमधी टोपली मोजते."

"कोनती टोपली?"

"कोनती म्हंजे? टोपली म्हटलं का एकच. पाळीवरची."

तिच्या माहेरी, आरमोरीला, गावतलावात सगळे मिळून मासे धरत. कुणीही पकडो, मासोळी जायची तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ठेवलेल्या एकाच टोपलीत, वाटे मागाहून.

"ते गावात," धनराज जांभई देत म्हणाला. "इथी कोनं ठेवली पाळीवर?"

दिव्यानीचे हात थबकले. खरंच की! टोपली दिल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकेना, म्हणून तिनेच दोन्ही फंक्शनांत 'टोपली शून्य' लिहून ठेवलं होतं. नाव एक, टोपल्या दोन. एक भरायची आणि फंक्शन संपताच बुडायची. दुसरी जन्माची रिकामी, आणि मोजली जायची तीच.

तिने दोन्ही ओळी खोडल्या. फंक्शनांच्या बाहेर एकच टोपली मांडली. ती पकडणाऱ्याच्या हाती द्यायची, मासोळी पडली की परत घ्यायची, मग मोजणाऱ्याकडे. बटण दाबलं. टोपली: एक. पुन्हा दाबलं. दोन!

"अगा बाप्पा!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की रिंकू उठलीच.

चारला क्लासमध्ये सर खेळायला बसले ते उठेचनात. आजवर नुसतं 'दिव्यानी' म्हणणारे सर शेवटी हसत म्हणाले, "मॅडम, सोमवारपासून पोरं तुमची."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला. कडेवरच्या रिंकूने नव्या मॅडमची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, आता मासोळ्या कुठी गेल्या व?"