निजायची सोय

दुसरबीडच्या मोटार स्टँडमागं शेषरावाची पिठाची गिरणी होती. दिवसभर बाया ज्वारीच्या टोपल्या घेऊन यायच्या, इंजिनच्या धडधडीत एकमेकींच्या कानाशी लागून घरादारातलं बोलायच्या आणि ऊन ऊन पीठ डोक्यावर घेऊन निघून जायच्या. गावातल्या झाडून साऱ्या बाया शेषरावाच्या ओळखीच्या. पण बायको गेल्यापासून त्याला जे विचारायचं होतं, ते त्यांतल्या एकीलाही विचारता येण्याजोगं नव्हतं.

बायको काविळीनं गेली, मागं एकटी कोकिळा राहिली. पोरगी उंच, अंगानं सडपातळ, अभ्यासात चांगली. आई गेली त्या हिवाळ्यापासून ती झोपेत अंथरूण ओलं करू लागली. पहिल्यांदा शेषरावाला वाटलं, उशाजवळचा तांब्या लवंडला. मग उमगलं. तेव्हापासून त्यानं एक रीत धरली. पहाटे उठायचं, पोरीला हळूच कोरड्या गोधडीवर सरकवायचं, ओली गोधडी विहिरीवर गर्दी व्हायच्या आत धुऊन आणायची आणि गिरणीमागच्या काटेरी कुपाटीवर वाळत टाकायची. शेजारच्या जनकाबाईनं एकदा विचारलं, तर म्हणाला, गिरणीवाल्याचं घर, पीठ बसते अंथरुणावर. कोकिळा उठायची, अंगाखालचं अंथरूण हातानं चाचपायची आणि खाली मान घालून चूल पेटवायची. बापलेकीत त्यावर कधी एक शब्द निघाला नाही.

बाहेरही तो एकदाच बोलला होता. मेहकरची बहीण रुखमाबाई दिवाळीला आली, तेव्हा तिच्या कानावर घातलं. बहिणीनं ते पोटात ठेवलं नाही. जेवणं चालली असताना चार पाहुण्यांच्या देखत म्हणाली, पोरीच्या पोटाले बिब्याचा डाग द्या, मंग पाहा कशी सुधरते ते. कोकिळा भरल्या ताटावरून उठली. ती पुढं किती तरी दिवस बापाशी हो-नाहीपलीकडं बोलली नाही. शेषरावानं तिथून तोंडाला कुलूप लावलं.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावच्या शाळेत मनकर्णाबाई नावाच्या मास्तरीण आल्या होत्या, बुलढाण्याकडच्या. शाळेजवळ एक खोली घेऊन एकट्या राहायच्या. त्यांनी ठरवलं, सातवीच्या पोरींची सहल न्यायची. वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, मुक्काम धर्मशाळेत, दोन रात्रींचा. पोरांच्या सहली गावानं पाहिल्या होत्या. पोरी गावाबाहेर मुक्कामाला जायच्या त्या मामाच्या नाहीतर सासरच्या घरी. हेडमास्तरांनी तंबी दिली की आधी आईबापांना बोलवा, त्यांचं समाधान करा, मगच एस.टी. ठरवा.

रविवारी शाळेच्या ओसरीवर माणसं जमली. भगवानरावांचा गावाला लागून मोठा मळा, पहिला मान त्यांचा. त्यांनी विचारलं की मोटारीत दुसरी माणसं बसणार का. बाई म्हणाल्या, मोटार फक्त आपल्या पोरींची. सोजराबाईनं विचारलं, धर्मशाळेच्या दाराले आतून कडी हाय का, आन् सैपाक कोन करन. गुलाबराव बराच वेळ चुळबुळ करत होते. त्यांच्या पोरीची सोयरीक चालली होती. पाव्हण्यांनी उद्या विचारलं की पोरगी रातच्याला कुठं होती, तर बापानं काय सांगावं, असं त्यांचं म्हणणं. मनकर्णाबाई एकेकाला शांतपणे उत्तर देत होत्या. दोन मास्तरणी आणि शाळेची शिपाईण सोयराबाई, तिघी बाया सोबत. एकही पोरगी एकटी कुठं जाणार नाही. पाव्हण्यांनी विचारलं तर त्यांना माझ्याकडं पाठवा.

शेषराव खांबाला टेकून उभा होता. त्यानं घसा खाकरला.

"बाई, झोपाले काय राहीन?"

"सतरंज्या आहेत धर्मशाळेत. पांघरूण पोरी घरून आणतील."

"म्हंजे एका सतरंजीवर साऱ्याजनी?"

"हो. अंगाला अंग लावून निजतील. थंडी आहे ना."

"आन् मोरी किती दूर हाय?"

आता लोक हसले. गुलाबराव म्हणाले, "शेषराव, पोरगी चालली का तू चालला बे?" शेषरावही हसल्यासारखं करू गेला, पण ते त्याला जमलं नाही. तो म्हणाला, माही पोरगी नाही येत, तिचं नाव घेऊ नका. आणि चपला पायात सरकवून उतरला.

ओसरीच्या भिंतीआड पोरी कान देऊन उभ्या होत्या. त्यांत कोकिळाही होती. घरापर्यंत ती बापाच्या मागून चालत आली, चार हात अंतर ठेवून. भाकरी थापल्या, वाढलं, स्वतः मात्र चुलीपाशीच बसून राहिली. शेषरावाचा घास तोंडात फिरत होता. त्याला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा," ती चुलीकडं पाहतच म्हणाली, "मी निजनार नाही. दोनी रात्री जागी राहीन. मंग तं चालते ना?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते दोघांच्या मधोमध आलं. थंडीत परक्या गावी साऱ्या पोरी निजलेल्या आणि आपली एकटी डोळे ताणून बसलेली, हे चित्र शेषरावाच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. ताट सारून त्यानं हात धुतले आणि तसाच बाहेर पडला.

मनकर्णाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सतरंजीचा पट्टा पुढं केला, पण शेषराव उभाच राहिला. आधी तो हवेचं बोलला, मग गिरणीचा पट्टा तुटल्याचं बोलला. बाईंनी मधे तोडलं नाही.

"तिची झोप लई गाढ हाय," अखेर तो म्हणाला. "रातच्याला एखांद डाव उठवा लागते तिले. नाही उठवलं तं..."

बाईंचा हात सुपात थांबला. "केव्हापासून?"

"तिची माय गेली तवापासून."

बाईंनी मान हलवली. "माझ्या कुशीला निजवीन तिला. मला रात्री जाग असतेच. कोणाला कळणार नाही."

एवढंच बोलणं. शेषरावाच्या पोटात दोन हिवाळ्यांचं साचलेलं होतं. विहिरीचं गार पाणी, कुपाटीवरची गोधडी, बहिणीच्या तोंडून गेलेला शब्द, सारं ओठांशी आलं होतं. आणखी एखादा प्रश्न बाईंनी विचारला असता तर तो उंबऱ्यावर बसला असता. पण तेवढ्यात सोयराबाई किल्ल्या घेऊन आली, आणि तो, येतो म्हणून निघाला.

सहल गेली. गुलाबरावांनीही अखेर पोरीला धाडलं. मोटार हलली तेव्हा इतर पोरींचे हात खिडक्यांतून हलत होते. कोकिळा मनकर्णाबाईंच्या शेजारी बसली होती. तिनं बापाकडं एकदा पाहिलं आणि मग पुढच्या रस्त्याकडं पाहायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेषराव सवयीनं उठला. हात अंधारात शेजारच्या अंथरुणाकडं गेला. ते घडी घातलेलं होतं. पुन्हा निजावं म्हटलं तर डोळा लागेना. विहिरीवर जायचं काही कारण नव्हतं, तरी तो घागर घेऊन गेला, भरून आणली आणि भरलेल्या रांजणापाशी ठेवून दिली. गिरणीवर आलेल्या बाया पोरींचंच बोलत होत्या. जनकाबाईनं विचारलं, शेषराव, करमते का? त्यानं इंजिनाकडं बोट दाखवलं, ऐकू येत नाही म्हणून. दुपारी भाकर थापायला बसला तर ती तव्यावर तुटली. तुकडे ताकात कुस्करून खाल्ले. आदली रात्र आणि ती रात्र त्याला घर फार मोठं वाटलं, दीड खणाचं घर.

मोटार परत आली ती दिवेलागणीच्या आधी. पोरींचे आवाज बसले होते. बाई उतरताना शेषराव पुढं झाला. त्या त्याच्याजवळून जाताना म्हणाल्या, "चांगली राहिली कोकिळा," आणि दुसऱ्या पोरींची गाठोडी उतरवायला वळल्या. चांगली म्हणजे काय, हे त्याला विचारायचं होतं. भोवती सारं गाव उभं होतं.

घरी कोकिळा किती तरी वेळ बोलत होती. एका डोंगरातून कोरून काढलेलं देऊळ, त्याला पाठीवर घेतलेले दगडी हत्ती, किल्ल्यातली अंधारी वाट. त्या वाटेत साऱ्याजणींनी एकमेकींचे पदर धरले होते, गुलाबरावांची पोरगी सगळ्यांत आधी रडली. शेषराव हूं हूं करत ऐकत होता. पोरीचा एवढा आवाज घरात कधी ऐकलाय, ते त्याला आठवेना.

मग तिनं अंथरुणं घातली. बापाचं नेहमीच्या जागी, आपलं पलीकडं कणगीच्या आड.

"बाबा, मले आता उठवू नका. सरकवूबी नका," ती म्हणाली. "बाईची माय गेली तवा त्याईचंबी असंच होत होतं. त्याईनं मले सांगतलं. झालं तं माही गोधडी मीच धुईन."

"पानी गार राह्यते माय."

"राहू द्या."

"हाव," शेषराव म्हणाला.

बाईंनी पोरीला सांगितलं होतं, आपल्याला नाही. ते बरोबरच होतं, हे त्याला कळत होतं. तरी तो तुळईकडं पाहत पडून राहिला.

पुढं काही दिवसांनी पहाटे त्याला बादलीच्या कडीचा आवाज आला. दार हळूच लोटलं गेलं. तो उठून बसला, पायांत चपला घातल्या, आणि दारापाशी जाऊन थांबला. बाहेर धुकं होतं. पोरीची पाठ विहिरीच्या वाटेला लागलेली दिसली. ती मागं वळली असती तर तो गेला असता. ती वळली नाही.

तो आवाज हिवाळाभर कधीमधी यायचा. उन्हाळ्यात कधी तरी तो थांबला. नेमका केव्हा, ते शेषरावाला कधीच कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. कोकिळा शाळा सुटल्यावर मनकर्णाबाईंच्या खोलीवर जाऊ लागली, तिथंच अभ्यास करून अंधार पडताना घरी यायची. गावात कोणी विचारलं तर सांगायची सोय झाली, शेषरावाची पोरगी शिकून राह्यली.

त्याची जाग मात्र मोडली नाही. पहाटे डोळे उघडले की तो पोरीचा श्वास ऐकत पडायचा. मग कंटाळून गिरणीचं दार उघडायचा. एवढ्या लवकर दळण घेऊन कोणी येत नसे. इंजिन गार असे. तो रिकाम्या पोत्यावर बसून राही, पहिली बाई येईपर्यंत.