पांढऱ्या डागाचं तांबूस

श्रीपतीने काचेची बरणी भिंतीवर फेकली. चिऱ्यावर ती फुटली आणि सकाळीच कोशांतून निघालेली सात फुलपाखरं ओल्या पंखांनी सारवलेल्या जमिनीवर पडली.

"परत सांग," तो म्हणाला.

"एकाच मादीची अंडी होती," त्याची बायको वासंती म्हणाली. "परसातल्या घोळीच्या भाजीवर घालताना मी पाहिलं. त्यांतूनच साधी तांबूस निघाली, नि त्यांतूनच पांढऱ्या डागाची. वेगळी जात नाही ती."

श्रीपती रत्नागिरीच्या एका शाळेत शास्त्र शिकवीत असे. तीन वर्षं कातळ तुडवून त्याला मागच्या पंखावर पांढरा डाग असलेली दोनच फुलपाखरं मिळाली होती. ही नवीच जात आहे, असा लेख त्याने मुंबईच्या एका संस्थेला पाठवला होता. १९३१च्या डिसेंबरात तो छापून येणार होता.

त्याने एकेक फुलपाखरू टाचेखाली चिरडलं. शेवटचं वासंतीने हाताने झाकलं, तेव्हा तो हात पकडून त्याने पिरगळला. मनगट कडकन वाजलं. तरी तो थांबला नाही. तिचं डोकं त्याने चौकटीवर दोनदा आपटलं, आणि पायताण न घालताच बाहेर निघून गेला.

ओरडा ऐकून शेजारच्या गोदाकाकू धावत आल्या.

"काय गो हे! पडलीस की काय?"

"नाही. ह्यांनी मारलं."

काकूंनी मनगटाला बांबूच्या कामट्या बांधल्या. वासंतीने डाव्या हाताने फडताळातून कागदाच्या दोन घड्या काढल्या. आदल्या दिवशी त्याच बरणीतून निघालेलं एक साधं आणि एक डागाचं फुलपाखरू त्यांत होतं. अशी घडी घालायला तिला श्रीपतीनेच शिकवलं होतं. डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत ही दोन्ही एकाच मादीच्या अंड्यांतली, असं तिने मराठीत चार ओळींत लिहिलं. घड्या नि कागद एका डबीत घालून, संस्थेच्या मासिकाच्या वेष्टनावरचा छापील पत्ता कापून तिने डबीवर चिकटवला. काकू डबी पदराखाली धरून टपालात टाकून आल्या.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. वासंतीच्या नावाने, पण इंग्रजीत. तिला इंग्रजी येत नव्हतं. पत्र श्रीपतीने फोडलं. वाचून होताच त्याने ते मुठीत चुरगळलं.

"काय लिहिलंय?"

"फुलपाखरं वाटेत मोडली म्हणतात. काही उपयोग झाला नाही."

"द्या इकडे. काकूंच्या दत्तात्रेयाला येतं इंग्रजी."

तो उठला. त्याचा हात वर गेला. वासंती जागची हलली नाही. कामट्या बांधलेला हात तिने पत्रासाठी पुढे केला.

श्रीपतीने वर गेलेला हात खाली घेतला. मग तो खाली बसला, चुरगळलेलं पत्र गुडघ्यावर सरळ केलं, आणि पहिल्या ओळीपासून, एकेक वाक्य मराठीत करून, तिला वाचून दाखवू लागला.